इंटरनेट मानकांच्या मसुद्यांतला खासगीपणा आणि सुरक्षा: तपासणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न

इथली सगळी चर्चा आयईटीएफच्या, म्हणजे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, मसुद्यांबद्दल आहे. उदाहरणं बहुतेक डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या) खासगीपणाची घेतली आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत या एका विषयावर एवढे मसुदे निघाले, एवढी वाक्यं घासूनपुसून झाली, की चांगल्या-वाईट मजकुराचे नमुने एकाच जागी सापडतात. मसुदे इंग्रजीत असतात, त्यामुळे खाली दिलेली वाक्यं त्यांचा मराठी आशय समजावी.

प्रश्न: खासगीपणा, गोपनीयता, सुरक्षा या तिन्हींत फरक करायलाच हवा का?

हवा, आणि मराठीत विचार करणाऱ्याला तर जास्तच. आपण ‘गोपनीयता’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो, एकदा प्रायव्हसीसाठी आणि एकदा कॉन्फिडेन्शिॲलिटीसाठी. इथे पहिल्याला खासगीपणा म्हटलं आहे, दुसऱ्याला गुप्तता.

गुप्तता म्हणजे मजकूर तिसऱ्याला वाचता न येणं. डीएनएसची चौकशी टीएलएसमधून, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून, पाठवली की वाटेतल्याला ती वाचता येत नाही, म्हणजे गुप्तता मिळाली. पण ज्या रिझॉल्व्हरकडे (नावाचं उत्तर शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे) ती पोचते त्याला सगळं दिसतं: कोणी विचारलं, कधी विचारलं, काय विचारलं. खासगीपणाचा प्रश्न तिथे तसाच उभा आहे. ‘सगळं एन्क्रिप्टेड आहे, म्हणून खासगीपणाचा प्रश्न नाही’ असं वाक्य मसुद्यात दिसलं, तर पहिली खूण तिथे करावी.

प्रश्न: मी कुठल्याच कंपनीचा प्रतिनिधी नाही. मला मसुदा तपासता येतो का?

येतो. आयईटीएफला सभासदत्वच नाही. मसुदे डेटाट्रॅकर या आयईटीएफच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले असतात आणि अभिप्राय द्यायला पैसे लागत नाहीत.

वेळ मात्र सांभाळावी लागते. मसुदा नवा न केल्यास साधारण सहा महिन्यांत त्याची मुदत संपते. कार्यगटातली शेवटची फेरी बहुधा दोन आठवड्यांची असते. त्यानंतर सगळ्या आयईटीएफसाठी जी शेवटची हाक दिली जाते, ती कार्यगटाच्या मसुद्याला किमान दोन आठवडे आणि एकट्यादुकट्याने आणलेल्या मसुद्याला किमान चार आठवडे असते. मोठ्या बैठकीआधी नवी आवृत्ती द्यायची मुदत सोमवारी रात्री २३:५९ यूटीसीला संपते, म्हणजे भारतात मंगळवारच्या पहाटे ५:२९ ला. ‘सोमवारपर्यंत आहे ना’ म्हणून निवांत झोपणारा भारतीय लेखक मंगळवारी सकाळी हळहळतो. त्याची आवृत्ती आधीच आली असती, तर तपासणाऱ्यालाही वाचायला दिवस मिळाला असता.

अभिप्राय जितका लवकर, तितका स्वस्त. मसुद्याचं नाव पाहा. त्यात ‘ड्राफ्ट’नंतर लेखकाचं आडनाव असेल, तर तो अजून एकट्याचा प्रस्ताव आहे आणि त्याचा सांगाडासुद्धा बदलू शकतो. ‘ड्राफ्ट-आयईटीएफ’ असेल, तर कार्यगटाने तो स्वीकारलेला आहे. शेवटच्या हाकेत सांगाड्यावर आक्षेप घेणं म्हणजे स्लॅब पडल्यावर खांबाची जागा बदला म्हणणं.

प्रश्न: वाचायला सुरुवात कुठून करू? मसुदा साठ पानांचा आहे.

पहिल्या पानापासून ओळीने वाचू नका. गोषवारा आणि प्रस्तावना वाचा, मग थेट संदेशाच्या रचनेवर जा. प्रत्येक फील्ड कागदावर उतरवा आणि समोर तीन गोष्टी लिहा: हे कोण भरतं, कोणाकोणाला दिसतं, आणि किती वेळ तेच राहतं. हा तक्ता हातात घेऊन मग सुरक्षेचा विभाग उघडा. तक्त्यातली जी ओळ त्या विभागात कुठेच नाही, तो तुमचा पहिला अभिप्राय.

सुरक्षेचा विभाग आधी वाचला तर लेखकाच्या नजरेनेच सगळं दिसायला लागतं. त्यांना जे सुचलं नाही ते मग तुम्हालाही सुचत नाही.

प्रश्न: मस्ट, शुड, मे यांचा एवढा बाऊ कशाला?

कारण कोड लिहिणारा तेवढंच वाचतो. या शब्दांचे अर्थ मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ठरले (मसुदा मंजूर होऊन प्रसिद्ध झाला की त्याला आरएफसी म्हणतात). मे २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने त्यात एक खुलासा जोडला: शब्द कॅपिटल अक्षरांत असेल तरच त्याला हा खास अर्थ, लहान अक्षरांतला ‘मस्ट’ म्हणजे साधं इंग्रजी. त्यामुळे पहिला शोध यांत्रिक करायचा. लहान अक्षरांतले ‘मस्ट’ आणि ‘शुड’ शोधा आणि प्रत्येकापाशी विचारा की इथे नियम सांगायचा आहे की नुसतं वर्णन. वर्णन असेल तर शब्दच बदलायला सांगा.

‘मस्ट’ म्हणजे न केल्यास तुम्ही मानक पाळलं नाही. ‘शुड’ म्हणजे करायचंच, पण सबळ कारण असेल आणि परिणाम समजून घेतले असतील तर सोडता येतं. ‘मे’ म्हणजे खुशीचा मामला. खरा घोळ ‘शुड’पाशी होतो. दोन बाजूंचं जमलं नाही की ‘मस्ट’चं ‘शुड’ करून भांडण मिटवतात आणि सोडायचं कधी हे कोणीच लिहीत नाही. म्हणून प्रत्येक ‘शुड’ला दोन प्रश्न: कोणत्या परिस्थितीत हे सोडलं तर चालेल? आणि सोडल्यावर वापरणाऱ्याचं काय उघडं पडतं? दोन्हींची उत्तरं त्याच परिच्छेदात हवीत.

उलटी चूकही होते. आरएफसी २११९ स्वतःच सांगतो की हे शब्द जपून वापरा. दोन यंत्रणांचं एकमेकींशी जमण्यासाठी किंवा नुकसान टाळण्यासाठी लागतील तिथेच. ‘अंमलबजावणीने वापरकर्त्याचा खासगीपणा जपला पाहिजे (मस्ट)’ हे वाक्य दिसायला भारदस्त आहे, पण ते पाळलं की नाही हे तपासणार कसं? ज्याची चाचणी लिहिता येत नाही ते ‘मस्ट’ काढायला सांगा.

आणि ‘मे नॉट’ दिसलं की थांबाच. आरएफसी २११९ मध्ये हा शब्द नाही. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ होतात: ‘करू नये’ आणि ‘न केलं तरी चालेल’. मराठीत या दोहोंची गल्लत होऊच शकत नाही. तेव्हा वाक्य मनात मराठीत करून पाहा. दोन्ही रूपं बसत असतील तर वाक्य संदिग्ध आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या तपासनिसाच्या नजरेतून असली वाक्यं सहज निसटतात.

प्रश्न: ‘ओळखचिन्ह ठरावीक काळाने बदलावं’ या वाक्यात चूक काय?

ते वाचून कोणालाही कोड लिहिता येणार नाही. कोणी बदलायचं, क्लायंटने की सर्व्हरने? किती काळाने? जोडणी चालू असताना बदललं तर ती तुटते का? जुनं लगेच टाकायचं की काही वेळ दोन्ही चालवायची? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच वेळी आणखी काय काय बदलायचं?

हे नीट कसं लिहितात ते आयपीव्ही६ च्या (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या) तात्पुरत्या पत्त्यांच्या मानकात दिसतं. आरएफसी ८९८१ (फेब्रुवारी २०२१) मध्ये मूळ मूल्यं दिलेली आहेत: तात्पुरता पत्ता नव्या जोडण्यांसाठी १ दिवस वापरायचा आणि एकूण २ दिवस वैध ठेवायचा. शिवाय प्रत्येक यंत्राने त्या मुदतीतून एक यादृच्छिक काळ वजा करायचा, म्हणजे सगळी यंत्रं एकाच ठोक्याला पत्ते बदलणार नाहीत. आधीच्या आरएफसी ४९४१ मध्ये वैधतेची मुदत आठवडाभराची होती. आकडा लिहिलेला होता म्हणूनच तो जास्त आहे असं म्हणता आलं. ‘ठरावीक काळाने’ या शब्दांवर कोणी काय वाद घालणार?

‘आणखी काय बदलायचं’ याचा धडा डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्कवर आलेल्या यंत्राला पत्ता देणाऱ्या प्रोटोकॉलने, दिला. यंत्राने आपला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) बदलला, पण डीएचसीपीच्या विनंतीत जुनाच क्लायंट आयडी आणि ‘अमुक-चा-लॅपटॉप’ हे यजमान-नाव तसंच पाठवलं, तर पत्ता बदलून काय साधलं? मे २०१६ चा आरएफसी ७८४४ नेमका यासाठी निघाला. क्विक या नव्या वाहतूक-प्रोटोकॉलमध्ये हीच काळजी एका वाक्यात घेतली आहे: एकापेक्षा जास्त स्थानिक पत्त्यांवरून पाठवताना तोच कनेक्शन आयडी पुन्हा वापरायचा नाही, आणि तिथे ‘मस्ट नॉट’ आहे.

म्हणून नियम असा: मसुद्यात एक ओळखचिन्ह बदलत असेल, तर त्याच पाकिटात किंवा शेजारच्या थरात न बदलणारं दुसरं काय आहे ते शोधा. टीएलएसचं रिझम्प्शन तिकीट (जुनी जोडणी पुन्हा सुरू करायला दिलेलं), कुकी, सॉफ्टवेअरची आवृत्ती, वाढत जाणारा क्रमांक. बदललेलं आणि न बदललेलं एकत्र दिसलं की जुनी आणि नवी ओळख जोडली गेलीच.

प्रश्न: सुरक्षेच्या विभागात किमान काय असायला हवं?

प्रत्येक आरएफसीत हा विभाग असायलाच हवा, हा दंडक १९९३ च्या आरएफसी १५४३ पासूनचा आहे. पण कित्येक जुन्या दस्तऐवजांत त्या मथळ्याखाली एकच ओळ सापडते: ‘या टिपणात सुरक्षेच्या प्रश्नांची चर्चा केलेली नाही.’ म्हणून जुलै २००३ मध्ये आरएफसी ३५५२ आला. त्यानुसार किमान या हल्ल्यांचा विचार व्हायलाच हवा: चोरून ऐकणं, जुना संदेश पुन्हा पाठवणं, खोटा संदेश घुसवणं, संदेश गाळणं, संदेशात फेरफार, आणि दोघांच्या मध्ये बसून दोघांना फसवणं. सेवा बंद पाडण्याचे हल्लेही ओळखून दाखवायचे.

प्रत्येक हल्ला टळलाच पाहिजे, असा आग्रह नसतो. कोणता हल्ला या प्रोटोकॉलच्या कक्षेत येतो आणि कोणता येत नाही, येत नसेल तर का, आणि सगळे उपाय करूनही काय उरतं, हे लिहायचं असतं. उरलेला धोका मोकळेपणाने लिहिलेला मसुदा आम्ही नेहमीच वरचा धरतो. ‘हा विस्तार सुरक्षित आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘संदेशाची लांबी आणि वेळ यांवरून अंदाज बांधता येतो, त्यावर इथे उपाय नाही’ म्हणणारा मसुदा वापरणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडतो.

तपासताना हल्लेखोराची जागा पक्की करा. वाटेवर बसलेला (ऐकू आणि बदलू शकणारा), वाटेवरचा पण फक्त ऐकणारा, वाटेबाहेरचा (खोटी पाकिटं धाडू शकणारा), आणि पलीकडचा सहभागी स्वतः. शेवटचा नेहमी विसरला जातो. आरएफसी ३५५२ च्या मूळ गृहीतकात दोन्ही टोकांची यंत्रं शाबूत धरली आहेत. खासगीपणाच्या हिशेबात पलीकडचं यंत्र शाबूत असलं तरी नोंदी ठेवणारं असू शकतं. त्यामुळे ते गृहीतक जसंच्या तसं उचलून चालत नाही.

प्रश्न: ‘या दस्तऐवजामुळे सुरक्षेचे नवे प्रश्न निर्माण होत नाहीत’ हे वाक्य चालतं का?

क्वचित चालतं, उदाहरणार्थ नोंदवहीतला एखादा शब्द सुधारण्यापुरता मसुदा असेल तर. एरवी लेखकांना विचारा की हे कशावरून ठरवलं, आणि तो विचारच दोन ओळींत लिहायला सांगा. ‘अमुक आरएफसीतले मुद्दे इथेही लागू’ असं म्हटलं असेल तर तो आरएफसी उघडा. त्यातला विभाग ज्या जुन्या परिस्थितीसाठी लिहिला होता ती इथे आहे का, ते बघा.

प्रश्न: खासगीपणाचा वेगळा विभाग बंधनकारक आहे का?

नाही. सुरक्षेच्या विभागातच खासगीपणाची चर्चा केली तरी चालते. मार्गदर्शनासाठी जुलै २०१३ चा आरएफसी ६९७३ आहे. त्यात धोक्यांची नावं वेगवेगळी केली आहेत: पाळत, साठवलेल्या माहितीची चोरी, घुसखोरी, दुसऱ्याचं कृत्य तुमच्या नावावर लागणं, आणि खास खासगीपणाचे म्हणून परस्परसंबंध जोडणं, ओळख पटवणं, एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्याला वापरणं, उघड करणं, आणि ज्याची माहिती आहे त्यालाच अंधारात ठेवणं.

त्यानंतर मे २०१४ मध्ये आरएफसी ७२५८ ने व्यापक पाळत हा हल्लाच आहे, असं नोंदवलं. त्यामागे अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दलचे २०१३ मधले एडवर्ड स्नोडेन यांचे खुलासे होते. त्यामुळे ‘एवढ्या लोकांची माहिती कोण गोळा करत बसणार’ हा युक्तिवाद आयईटीएफमध्ये टिकत नाही.

प्रामाणिक मजकुराचा नमुना हवा असेल तर आरएफसी ७८७१ वाचा. रिझॉल्व्हरने विचारणाऱ्याच्या पत्त्याचा काही भाग पुढच्या सर्व्हरला कळवायचा, अशी ती सोय आहे. खासगीपणाच्या दृष्टीने सरळ पाऊल मागे. पण तो दस्तऐवज ते लपवत नाही. आयपीव्ही४ चे फार तर २४ आणि आयपीव्ही६ चे ५६ बिट पाठवावेत असं सुचवतो, ही सोय मुळात बंद ठेवावी म्हणतो, आणि क्लायंटला ‘माझा पत्ता पुढे देऊ नका’ असं शून्य लांबीने सांगता येतं. नावडत्या यंत्रणेबद्दलही असं लिहिता येतं.

प्रश्न: आकड्यांची तपासणी म्हणजे नेमकं काय करायचं? एक उदाहरण द्या.

पॅडिंगचं घेऊ. चौकशी एन्क्रिप्ट केली तरी तिची लांबी दिसते आणि लांबीवरून नावाचा अंदाज बांधता येतो. म्हणून आरएफसी ७८३० ने डीएनएस संदेशात भर घालायचा पर्याय दिला. किती भर घालायची ते ऑक्टोबर २०१८ च्या आरएफसी ८४६७ मध्ये आहे: क्लायंटने चौकशी १२८ ऑक्टेटच्या (ऑक्टेट म्हणजे ८ बिट) पटीत आणावी, सर्व्हरने उत्तर ४६८ च्या पटीत.

आता कागदावर मांडा. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम’ या नावाची चौकशी. संदेशाचं शीर्ष १२ ऑक्टेट. नाव १७: तीन लेबलांची ३, ७ आणि ३ अक्षरं, प्रत्येकाआधी लांबीचा एक, शेवटी शून्याचा एक. प्रकार आणि वर्ग मिळून ४. झाले ३३. ईडीएनएसची (डीएनएसच्या विस्ताराची) नोंद ११, झाले ४४. पॅडिंग पर्यायाचं स्वतःचं शीर्ष ४, झाले ४८. म्हणजे भर ८० ऑक्टेटची, एकूण १२८.

चूक होते ती त्या चारांपाशी. ते धरायचे विसरलं तर ४४ वरून हिशेब होतो, भर ८४ ची पडते आणि संदेश निघतो १३२ चा. तो १२८ च्या पटीत नाही आणि सगळ्या चौकशांत वेगळा उठून दिसतो. खासगीपणासाठी केलेल्या उपायानेच ओळख पटवायची खूण तयार झाली. म्हणून मसुद्यात ‘संदेश अमुक पटीत आणावा’ एवढंच असेल, तर ‘पर्यायाचं शीर्ष धरून’ हे शब्द घालायला सांगा आणि एक सोडवलेलं उदाहरण मागा.

हाच मसुदा वाचताना आणखी एक विचारा: एन्क्रिप्ट न केलेल्या वाहतुकीवर कोणी पॅडिंग मागितलं तर? लपवायला तिथे काही नाहीच. उलट लहान चौकशीला मोठं उत्तर मिळतं, आणि खोट्या पत्त्यावरून कोणाच्या तरी अंगावर लोंढा सोडायला ते सोयीचं.

प्रश्न: जोडणी जमली नाही तर काय, हे मसुद्यात सहसा सापडत नाही. आग्रह धरावा का?

धरावाच. आमच्या मते खासगीपणाचे निम्मे दावे याच फटीतून गळतात. डीएनएस ओव्हर टीएलएस ८५३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. वाटेवरच्याला ते फोडता येत नाही, पण पोर्ट बंद करता येतं. क्लायंट तेव्हा काय करतो? गुपचूप साध्या डीएनएसच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन उघड्या चौकशा पाठवायला लागला, तर हल्लेखोराचं काम झालं आणि वापरणाऱ्याला पत्ताही नाही.

मार्च २०१८ च्या आरएफसी ८३१० ने दोन पद्धतींची स्पष्ट नावं ठेवली. कडक पद्धतीत समोरच्याची ओळख पटली आणि एन्क्रिप्शन जमलं तरच नावाचं उत्तर मिळेल, नाहीतर सेवाच नाही. संधीसाधू पद्धतीत जमेल तेवढं संरक्षण, न जमल्यास उघडं. दोन्ही वैध आहेत, पण मसुदा कुठल्या पद्धतीबद्दल दावा करतोय ते त्याच वाक्यात हवं. संधीसाधू पद्धत वापरून कडक पद्धतीचे फायदे सांगणारे मसुदे कमी नाहीत.

प्रश्न: खासगीपणाच्या उपायातूनच सुरक्षेचा प्रश्न उभा राहू शकतो का?

राहतो, आणि ते तपासायचं काम बहुधा कोणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. क्यूनेम मिनिमायझेशन घ्या. रिझॉल्व्हरने प्रत्येक सर्व्हरला पूर्ण नाव न सांगता त्याच्यापुरताच तुकडा विचारायचा. कल्पना छान आहे, पण नावात लेबलं खूप असतील तर एका चौकशीच्या डझनावारी चौकशा होतात. आयपीव्ही६ च्या उलट्या नावात नुसत्या आकड्यांचीच ३२ लेबलं असतात. मुद्दाम लांबलचक नावं विचारून कोणीही रिझॉल्व्हरला राबवू शकतो. म्हणून नोव्हेंबर २०२१ च्या आरएफसी ९१५६ मध्ये मर्यादा आहे: एका नावामागे कमी केलेल्या चौकशा जास्तीत जास्त १०, त्यांतल्या पहिल्या ४ एकेका लेबलाने, पुढे लेबलं एकत्र करून.

दुसरं उदाहरण टीएलएस १.३ च्या झीरो-आरटीटीचं. पहिल्याच पाकिटात माहिती पाठवता येते, पण ती पकडून पुन्हा पाठवताही येते. आरएफसी ८४४६ म्हणतो की कोणत्याही प्रोटोकॉलने आपली स्वतंत्र नियमावली लिहिल्याशिवाय हे वापरू नये. तुमच्या मसुद्यात झीरो-आरटीटीचा उल्लेख असेल आणि ‘कोणते संदेश दोनदा आले तरी बिघडत नाही’ याची यादी नसेल, तर तो थांबवण्याजोगा आक्षेप आहे. डीएनएस ओव्हर क्विकच्या आरएफसी ९२५० मध्ये ती यादी आहे.

प्रश्न: मध्यस्थ ठेवून ओळख लपवणाऱ्या मसुद्यांत काय पाहावं?

आरएफसी ९४५८, म्हणजे ऑब्लिव्हियस एचटीटीपी, हा नमुना. रिलेला (क्लायंटकडून घेऊन पुढे देणाऱ्या मध्यस्थाला) कोण विचारतंय ते कळतं, गेटवेला (संदेश उघडणाऱ्या दुसऱ्या टोकाला) काय विचारलंय ते. दोघं एक झाले की सगळंच कळतं. हे दोघं एक होणार नाहीत ही हमी प्रोटोकॉल देत नाही, ती करारावर आणि विश्वासावर उभी असते. मसुद्याने हे गृहीतक स्पष्ट लिहायला हवं. ‘शक्य नाही’ असं म्हणता कामा नये.

दुसरं, किल्ली. गेटवेने प्रत्येक क्लायंटला वेगळी किल्ली दिली तर ती किल्लीच नाव बनते. सगळ्यांना तीच किल्ली मिळतेय हे क्लायंटने कसं पडताळायचं? प्रायव्हसी पासच्या (ओळख न सांगता टोकन दाखवायच्या पद्धतीच्या) मसुद्यांतही हाच मुद्दा होता: एका वेळी जेवढ्या जास्त किल्ल्या वापरात, तेवढी एकाआड लपलेल्या माणसांची गर्दी लहान.

प्रश्न: मला क्रिप्टोग्राफी येत नाही. माझा काय उपयोग?

पुष्कळ. गणित बघणारे असतात. सेकडिर नावाचा तपासनिसांचा गट शेवटच्या टप्प्यात येणारे मसुदे वाटून घेऊन वाचतो. पण खालच्या गोष्टी कोणालाही सापडतात आणि वारंवार सुटतात.

ज्या दस्तऐवजाशिवाय एखादं ‘मस्ट’ पाळताच येणार नाही, तो ‘माहितीपर संदर्भ’ म्हणून खाली ढकललेला असतो. तो आवश्यक संदर्भांत हवा. एकाच गोष्टीला कलम ३ मध्ये ‘टोकन’ आणि कलम ५ मध्ये ‘तिकीट’ म्हटलेलं असतं. आकृतीत फील्ड १६ बिटांचं आणि मजकुरात कमाल लांबी ७०,००० दिलेली असते (१६ बिटांत ६५,५३५ च्या वर आकडा मावत नाही). आणि उदाहरणांत कोणाचा तरी खरा पत्ता असतो. उदाहरणांसाठी नावं आणि पत्ते राखून ठेवले आहेत: आयपीव्ही४ साठी १९२.०.२.०/२४ आणि आणखी दोन गट, आयपीव्ही६ साठी २००१:डीबी८::/३२. खासगीपणाच्या मसुद्यात खऱ्या यंत्राची नोंद जशीच्या तशी चिकटवलेली सापडते, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

आधी आयडीनिट्स हे साधन चालवून घ्या. राखीव नसलेले पत्ते, साच्यातली चूक, गाळलेला संदर्भ ते स्वतः दाखवतं. यंत्राला दिसतं ते माणसाने शोधत बसू नये.

प्रश्न: अभिप्राय कसा लिहू म्हणजे लेखक तो घेतील?

आवृत्तीचा क्रमांक, कलम, सध्याचा मजकूर, अडचण आणि सुचवलेला मजकूर. उदाहरणार्थ:

आवृत्ती ०७, कलम ६.२, दुसरा परिच्छेद.
सध्या: ‘जोडणी अयशस्वी झाल्यास क्लायंट दुसऱ्या मार्गाने चौकशी करू शकतो.’
अडचण: दुसऱ्या मार्गात एन्क्रिप्ट न केलेला मार्गही येतो. वाटेवरचा हल्लेखोर जोडणी मुद्दाम पाडून क्लायंटला तिकडे ढकलू शकतो. कलम ८ मधला गुप्ततेचा दावा मग खरा राहत नाही.
सुचवलेलं: ‘कडक पद्धतीत क्लायंटने एन्क्रिप्ट न केलेल्या मार्गाने चौकशी करू नये (मस्ट नॉट), वापरणाऱ्याला चूक कळवावी (शुड). चूक दाखवायला पडदा नसलेल्या उपकरणाने ती नोंदीत लिहावी.’

तीव्रता वेगवेगळी सांगा: हे सुटल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे सुधारलं तर बरं, आणि हे शुद्धलेखन. तिन्ही एकाच ढिगात टाकली तर लेखक सोपी पंधरा दुरुस्त करून ‘सगळे मुद्दे घेतले’ म्हणतात आणि सोळावा, खरा मुद्दा, मागे राहतो. शुद्धलेखनाची यादी वेगळी पाठवलेली उत्तम.

‘विभाग आणखी सविस्तर करावा’ हा अभिप्राय नव्हे. त्याने मजकूर वाढतो, माहिती नाही.

प्रश्न: लेखकांना मुद्दा पटला नाही तर?

आयईटीएफमध्ये मतं मोजत नाहीत. ढोबळ सहमतीचा अर्थ आरएफसी ७२८२ मध्ये समजावला आहे: आक्षेपाला उत्तर मिळालं का हे महत्त्वाचं, किती जण बाजूने होते हे नाही. मग विचार करून तुमचा मुद्दा बाजूला ठेवला, तर ती प्रक्रिया झाली. उत्तरच दिलं नाही, तर कार्यगटाच्या अध्यक्षांना तेवढंच विचारा. पुढे आयईएसजीचा (मसुद्यांना शेवटची मंजुरी देणाऱ्या मंडळाचा) कोणीही सदस्य ‘डिस्कस’ लावून मसुदा अडवू शकतो. तुमचा मुद्दा नेमका आणि उदाहरणासकट लिहिलेला असेल, तर तो त्यांच्याही कामाचा.

तुमच्या किंवा तुमच्या मालकाच्या पेटंटचा संबंध त्या मसुद्याशी आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ते जाहीर करणं बंधनकारक आहे. सुचवलेलं एखादं वाक्यही सहभागातच मोडतं.

प्रश्न: आरएफसी निघाल्यावर चूक सापडली तर?

छापलेला आरएफसी बदलत नाही. प्रकाशनाच्या अगदी आधी ‘ऑथ४८’ नावाचा टप्पा असतो. नाव ४८ तासांचं, प्रत्यक्षात तो कित्येकदा आठवडे चालतो. पण तिथे भाषेची दुरुस्ती होते. तांत्रिक बदलाला क्षेत्र-संचालकांची (त्या विषयाच्या आयईएसजी सदस्यांची) मंजुरी लागते. त्यानंतर उरतं ते शुद्धिपत्र. नोंदवलेली चूक तपासून मान्य करतात, फेटाळतात किंवा पुढच्या सुधारणेसाठी राखून ठेवतात. ज्या वेळी आरएफसी लिहिला त्या वेळचा निर्णयच तुम्हाला चुकीचा वाटत असेल, तर तो शुद्धिपत्राचा विषय नाही. त्यासाठी नवा मसुदा लिहावा लागतो, ‘ड्राफ्ट’नंतर तुमचं आडनाव लावून, ०० या आवृत्तीपासून.